किनाऱ्याजवळ रुतलेल्या शिडाच्या जहाजावरून खलाशी दोराने कसे उतरवावेत

वादळात जहाज किनाऱ्याजवळच्या वाळूत रुतले, की जमीन समोर दिसत असूनही मधल्या फुटणाऱ्या लाटांत होडी टिकत नाही. इंग्लंडमधील ग्रेट यार्मथ येथे 12 फेब्रुवारी 1808 रोजी जॉर्ज मॅन्बी यांनी उखळी तोफेने दोर ‘एलिझाबेथ’ जहाजापर्यंत पोहोचवून सात जणांना वाचवले. पुढे अमेरिकेच्या बचाव केंद्रांनी याच कल्पनेतून बसवलेली पद्धत अशी होती.

प्रथम बारीक दोर पेटीतील खुंट्यांवर नागमोडी गुंडाळावा आणि पेटी उलटी करून खुंट्या काढून घ्याव्यात, म्हणजे दोर गुंता न होता सुटत जातो. दोराचे टोक गोळ्याच्या तोफेबाहेर राहणाऱ्या दांड्याला बांधावे, नाहीतर ते ज्वाळेने जळते. नेम वाऱ्याच्या दिशेकडे थोडा अधिक धरावा, म्हणजे वारा दोराला जहाजावर आणून टाकतो.

खलाशांनी तो ओढला, की त्यामागून कप्पी आणि सूचनांची लाकडी पाटी जाते. कप्पी डोलकाठीला उंचावर घट्ट बांधून तिच्यातील दोर मोकळा फिरतो याची खात्री झाल्यावरच किनाऱ्याला खूण करावी. माझ्या मते सगळी सुटका याच गाठीवर अवलंबून असते. थंडीने बधिर झालेल्या हातांनीही येथे घाई करू नये. त्यानंतर आलेला जाड दोरखंड कप्पीच्या सुमारे दोन फूट वर बांधावा.

किनाऱ्यावर हा दोरखंड लाकडी कैचीवर, म्हणजे फुलीसारख्या जोडलेल्या दोन वाशांवर, चढवून वाळूत पुरलेल्या नांगराला अडकवावा. जहाज लाटांबरोबर कलते, त्यामुळे तो फार ताणू नये. कोणीतरी सतत सैल-घट्ट करीत राहावे. मग कापडी चड्डी शिवलेले गोल तरते कडे या दोरखंडावरून, कप्पीतल्या दोराने ओढून, पाठवावे आणि एकेकाला आणावे. स्त्रिया, मुले व जखमी आधी, खलाशी नंतर.

जहाज फुटू लागले असेल आणि साधने आणण्यास वेळ नसेल, तर मात्र थांबता येत नाही. ऑगस्ट 1899 मध्ये अमेरिकेतील हॅटरासच्या किनाऱ्यावर एकट्याने गस्त घालणारे बचाव केंद्राचे रॅस्मस मिजेट यांना ‘प्रिसिला’ जहाज असेच दिसले. लाट ओसरताच जहाजापाशी धावायचे, एकाला उडी मारण्यास सांगायचे आणि पुढची लाट येण्याआधी त्याला ओढून आणायचे, अशा रीतीने त्यांनी सात जण आणले. उरलेल्या तिघांत उडी मारण्याचेही त्राण नव्हते, म्हणून त्यांना एकेक करून स्वतः उचलून आणले.