वैशाखात कुंड्या का दगावतात? या चुका टाळा

दुपारी दोनला गच्चीत डोकावलं आणि जास्वंदीनं मान टाकलेली दिसली, की हात आपोआप झारीकडे जातो. उन्हाळ्यात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कडक उन्हात पानांतून पाणी ज्या वेगानं उडतं, त्या वेगानं मुळं ते वर चढवू शकत नाहीत. म्हणून माती ओली असली तरी झाड दुपारी मलूल होतं. ऊन कललं की पानं पुन्हा ताठ झाली, तर ते तहानलेलं नव्हतंच.

सकाळी सातलाही पानं लोंबलेलीच असतील, तर मात्र बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं आणि मातीला कुबट वास येत असला, तर मुळं कुजायला लागली आहेत. तिथं आणखी पाणी म्हणजे जुलाब लागलेल्याला एरंडेल. कुंडी सावलीत घ्या, तळाचं भोक तारेनं मोकळं करा, वरची माती सुकेपर्यंत थांबा. माझी सहा वर्षांची जास्वंद मी एका मे महिन्यात अशीच, निव्वळ काळजीपोटी, बुडवून मारली.

उलटंही घडतं. रोज पाणी घालूनही झाड वाळतं. कोकोपीट, म्हणजे मातीत मिसळलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही; ते कुंडीच्या कडेनं सरळ खाली उतरतं आणि ताटली भरलेली बघून आपण खूश. लहान कुंडी बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मोठी असेल तर खुरप्यानं वरची माती सैल करून दहा-दहा मिनिटांनी थोडं थोडं पाणी घाला. नंतर दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका.

पाणी सकाळी लवकर द्या. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत सोडा.

खताचा मोह आवरा. ताण पडलेल्या झाडाला युरिया दिला तर पानांच्या कडा करपतात. कच्ची पेंडही नको, ती कुजताना तापते. कुंडी बदलणं आणि गुलाबाची कडक छाटणी, दोन्ही मे महिन्यात नकोच. मोगऱ्याचा बहर ओसरल्यावर शेंडे खुडलेत तर चालतं.

पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळं दिसलं तर तो लाल कोळी, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या गरम हवेत तो फोफावतो. पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारा. पिठ्या ढेकणासाठी, म्हणजे कापसासारख्या पांढऱ्या किडीसाठी, लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब पुरतात. पण फवारा संध्याकाळीच. भर उन्हात मारलात तर किडीआधी पानं जळतील.

हिरवी जाळी सरसकट सगळ्यांवर ताणू नका. अडेनियम आणि बोगनवेल उन्हातच फुलतात. सावली लागते ती फर्न, मनीप्लांट आणि कोवळ्या रोपांना. वळवाची सर येऊन गेली की ताटल्या ओतून टाका, नाहीतर डासांची सोय होते. आणि जून उजाडल्यावर जाळी काढायची ती ढगाळ दिवस बघून, लख्ख उन्हात नाही.