ॲबोरिजिनल मातांना स्तनपानासाठी साथ देताना : मध्य ऑस्ट्रेलियात नव्याने येणाऱ्या मराठी परिचारिकांसाठी

महाराष्ट्रातून ऑस्ट्रेलियात येणाऱ्या बहुतेक परिचारिका मेलबर्न, सिडनी किंवा पर्थच्या मोठ्या रुग्णालयांत रुजू होतात. काही मोजक्या जणी पुढे नॉर्दर्न टेरिटरी, उत्तर क्वीन्सलँड किंवा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील दवाखान्यांकडे वळतात. मी त्या मोजक्यांपैकी एक आहे. ॲलिस स्प्रिंग्ज आणि तेथून दूर वाळवंटात वसलेल्या वस्त्यांमध्ये माता-बाल आरोग्याचे काम करताना अरंडा, वार्लपिरी आणि पिट्जंजारा या ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी, समाजांतील मातांच्या सहवासात जे समजत गेले, ते या कामात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहीत आहे. बाळाला अंगावर पाजण्यासाठी या मातांना साथ कशी द्यावी, एवढ्याच विषयापुरते हे लेखन मर्यादित ठेवले आहे.

येथे येण्यापूर्वी जे वाचायला मिळते, त्यात कमी वजनाची बाळे, कानाचे जुनाट आजार, मधुमेह अशी उणिवांचीच नोंद अधिक असते, आणि त्यामुळे या मातांना स्तनपान शिकवायचे आहे अशी समजूत घेऊन नवी परिचारिका वस्तीत पोहोचते. वस्तुस्थिती वेगळी आहे. दुर्गम वस्त्यांमधील ॲबोरिजिनल माता शहरांत राहणाऱ्या ॲबोरिजिनल मातांच्या तुलनेत अधिक प्रमाणात आणि अधिक काळ अंगावर पाजतात. पूर्वी मूल तीन-चार वर्षांचे होईपर्यंत अंगावर पीत असे, आणि आईची बहीण ही नात्याने आईच मानली जात असल्यामुळे गरज पडल्यास तीही त्याला पाजत असे. हे ज्ञान आजही आज्यांजवळ आहे. ऑस्ट्रेलियाची २०१२ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सुमारे सहा महिन्यांपर्यंत केवळ अंगावरचे दूध आणि पुढे पूरक आहारासह १२ महिने व त्यानंतरही आई-बाळाला हवे तोवर स्तनपान सुचवतात. वाळवंटातील आजीला यात नवे काही वाटत नाही. तेव्हा आपले काम शिकवण्याचे कमी आणि या ज्ञानाच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर करण्याचे अधिक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आड येणाऱ्या गोष्टींत सर्वांत मोठी आहे भीती, आणि तिचे मूळ इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९७० च्या दशकापर्यंत सरकारी धोरणानुसार ॲबोरिजिनल मुलांना आईवडिलांपासून हिरावून संस्थांमध्ये, मिशनांमध्ये आणि गोऱ्या कुटुंबांमध्ये ठेवण्यात आले. या अन्यायाची चौकशी करणारा राष्ट्रीय अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. आईविना वसतिगृहात वाढलेल्या मुलीला मावशी किंवा बहीण बाळाला पाजताना दिसलीच नाही. जे पाहत पाहत अंगवळणी पडायचे ते तिच्यापाशीच थांबले, आणि तिच्या मुलीपर्यंत पोहोचताना आणखी क्षीण झाले. शहरांत कमी दिसणाऱ्या स्तनपानामागे जी कारणे आहेत, त्यांत हे एक आहे. शिवाय ही गोष्ट केवळ भूतकाळाची नाही. आजही बालसंरक्षण यंत्रणेमार्फत घराबाहेर ठेवल्या जाणाऱ्या मुलांमध्ये ॲबोरिजिनल मुलांचे प्रमाण इतर मुलांच्या दहापटींच्या आसपास आहे. अशा परिस्थितीत एखादी अनोळखी परिचारिका हातात कागद घेऊन घरात कोण कोण झोपते, दारू कोण पिते, बाळ किती वेळा पिते, असे एकामागून एक विचारू लागली, तर तरुण आईला त्यात काळजी ऐकू येत नाही, आपले मूल नेण्याची तयारी ऐकू येते.

म्हणून प्रश्नावली बाजूला ठेवून बोलायला शिकावे लागते. आधी आपण कोण, कुठल्या गावच्या, आपले आईवडील कुठे आहेत, मुले किती, हे सांगावे. येथे माणसाची ओळख त्याच्या भूमीवरून आणि नात्यांवरून होते, आणि मराठी माणसाला ही रीत परकी नाही. नंतर शेजारी, शक्यतो जमिनीवर, बसावे. समोरासमोर बसून डोळ्यांत रोखून पाहू नये. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर ती भरून काढण्याची घाई करू नये, कारण आई विचार करत असते. पुष्कळदा समोरची स्त्री केवळ आपल्याला बरे वाटावे किंवा बोलणे लवकर संपावे म्हणून ‘हो’ म्हणते. म्हणून ‘बाळ नीट पिते ना?’ असे विचारण्यापेक्षा ‘काल रात्री बाळाचे कसे काय गेले?’ असे विचारावे आणि जे येईल ते ऐकावे. नॉर्दर्न टेरिटरीत मुलाच्या सुरक्षिततेविषयी शंका आल्यास कळवणे प्रत्येकावर कायद्याने बंधनकारक आहे. हे बंधन आईपासून लपवू नये. तशी वेळ आली तर तिला आधी, तिच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत, स्पष्टपणे सांगावे.

दुसरी अडचण प्रवासाची आहे, आणि नव्या परिचारिकेचे लक्ष तिच्याकडे सहसा उशिरा जाते. दुर्गम वस्त्यांमध्ये बाळंतपणाची सोय नसल्यामुळे साधारणपणे ३६ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान गरोदर स्त्रीला शहरात आणून ठेवले जाते. युएन्दुमू ही वार्लपिरी लोकांची वस्ती ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २९० किलोमीटर दूर आहे, आणि कित्येक वस्त्या त्याहूनही लांब आहेत. मोठी मुले मागे राहतात, सोबतीला प्रत्येक वेळी आई किंवा मावशी येऊ शकेलच असे नाही, आणि आपल्या भूमीपासून दूर मूल जन्माला येण्याचे दुःख वेगळेच असते. साहजिकच बाळंतीण लवकरात लवकर घरी जाऊ पाहते. दूध भरून येण्याची वेळ तिसऱ्या-चौथ्या दिवसाची असते, आणि नेमक्या त्याच दिवशी ती लांबच्या प्रवासात असते : स्तन दगडासारखे कडक झालेले, बाळाला तोंडात धरता येत नाही, बसमध्ये पुरुष आहेत म्हणून ती पाजायला लाजते. वस्तीत पोहोचेपर्यंत बाळ रडून थकलेले असते आणि दुकानातून दूध-पावडरीचा डबा आणला जातो. एकदा डबा आला की पान्हा कमी होत जातो, आणि दूरच्या दुकानातील डब्याची किंमत व स्वच्छ उकळलेल्या पाण्याची अडचण मग महिनोन्महिने सोसावी लागते.

हे टाळण्यासाठी रुग्णालयातून निघण्यापूर्वी बाळाचे एक पूर्ण पिणे शांतपणे पाहावे. बाळाने केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही तोंडात घेतला आहे का, घोट गिळल्याचा आवाज येतो का, हे पाहावे. हाताने दूध काढून स्तन मऊ कसा करायचा हे तिच्याच हातांनी तिला करू द्यावे. तिच्या अंगाला विचारल्याशिवाय हात लावू नये. त्याच दिवशी वस्तीतील दवाखान्याला आणि तिच्या आईला किंवा आजीला फोन करून ती कधी पोहोचणार आहे ते कळवावे. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान पाच लंगोट चांगले ओले झाले आणि दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनाला परत आले, तर दूध पुरते आहे असे समजावे. ही खूण आजीलाही सांगून ठेवावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा बाळाला पाणी द्यावे का, हा प्रश्न हमखास येतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळे पाणी लागत नाही, त्याला अधिक वेळा पाजायचे असते आणि पाणी आईने प्यायचे असते.

मधुमेह असलेल्या मातांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथे तरुण वयातच हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा मातांना दूध भरून यायला उशीर होऊ शकतो, आणि जन्मानंतर बाळाची साखर उतरण्याच्या भीतीने पहिल्या काही तासांतच बाटली पुढे केली जाते. गुंतागुंत नसेल तर ३६ आठवड्यांनंतर, मिडवाइफच्या (प्रशिक्षित सुईणीच्या) सल्ल्याने, हाताने चीक (स्तनांत प्रथम येणारे घट्ट दूध) काढून साठवून ठेवता येतो आणि तोच बाळाला देता येतो. स्तनपानामुळे आईला पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका कमी होतो, तसेच बाळाचे कानाचे आणि पोटाचे आजार कमी होतात. ज्या समाजात कान फुटून मुलांना ऐकू कमी येते आणि शाळा मागे पडते, तेथे या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आईला फार समजावून सांगावे लागत नाही.

तंबाखूबद्दल बोलताना छापील नोंदवहीत फक्त सिगारेटचा रकाना असतो. मध्य ऑस्ट्रेलियातील अनेक स्त्रिया मात्र राखेत मळलेली रानतंबाखूची पाने, ज्यांना पिटुरी म्हणतात, ती चघळतात. त्यातही निकोटीन असते, म्हणून त्याविषयी वेगळे विचारावे. धूम्रपान करणाऱ्या आईनेही अंगावर पाजणेच बाळाच्या हिताचे आहे. आधी पाजावे, मग घराबाहेर जाऊन ओढावे, आणि बाळाला आपल्या अंथरुणात घेऊन झोपू नये, एवढे तिला दोष न देता सांगावे. ‘सिगारेट सोड, नाही तर पाजू नकोस’ असे कोणी बजावले की बहुतेक वेळा पाजणेच सुटते.

हे ज्ञान आज्यांजवळ आहे असे मी वर लिहिले, पण प्रत्यक्षात ते मानणे याचा अर्थ आपले स्थान मागे घेणे असा होतो. येथील काही समाजांत आज्या नव्या आईला आणि बाळाला विशिष्ट झाडांच्या पाल्याची धुरी देतात. आई सशक्त व्हावी, दूध चांगले यावे, हा त्यामागील हेतू असतो. ओवा-बाळंतशेपांची धुरी आणि शेक-शेगडी पाहत वाढलेल्या आपल्याला त्या विधीचा आदर करणे सोपे जावे. आमंत्रण नसताना तेथे जाऊ नये, त्याचे छायाचित्र घेऊ नये, आणि ज्या गोष्टी स्त्रियांनी आपसांत ठेवायच्या आहेत त्यांविषयी विचारूही नये. दवाखान्यात स्तनपानाविषयी बोलणे पुरुषांच्या नजरेआड, वेगळ्या दाराच्या खोलीत व्हावे यासाठी आग्रह धरावा. कुटुंबात मृत्यू होऊन शोकविधी सुरू असतील, तर भेट पुढे ढकलावी आणि गेलेल्या व्यक्तीचे नाव उच्चारू नये.

ॲबोरिजिनल आरोग्यसेविकेशिवाय हे काम होत नाही. जुलै २०१२ पासून ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर हा देशपातळीवर नोंदणीकृत व्यवसाय आहे. तिला दुभाषी किंवा मदतनीस समजू नये, ती आपली सहकारी आहे. समाजाच्या स्वतःच्या नियंत्रणातील आरोग्यसेवा १९७१ साली सिडनीच्या रेडफर्नमध्ये सुरू झाली. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये ‘काँग्रेस’ (सेंट्रल ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल काँग्रेस) ही अशीच आरोग्यसंस्था १९७३ पासून आहे आणि तिचे अलुकुरा केंद्र केवळ स्त्रियांसाठी, आज्यांच्या परंपरेला मान देऊन चालते. अशा व्यवस्थेचा परिणाम किती होतो, हे ब्रिस्बेनमध्ये दिसले. तेथे २०१३ पासून ॲबोरिजिनल संस्था आणि रुग्णालय यांनी मिळून चालवलेल्या सेवेत प्रत्येक मातेला ओळखीची मिडवाइफ आणि ॲबोरिजिनल सहायिका मिळते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या सेवेतील मातांमध्ये अकाली प्रसूती कमी झाल्या, आणि घरी जाताना केवळ अंगावर पाजणाऱ्यांचे प्रमाण अधिक राहिले.

पात्रतेविषयी थोडक्यात सांगते. भारतात परिचारिका आणि मिडवाइफ अशी एकत्र नोंदणी मिळते. ऑस्ट्रेलियात मात्र या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत, आणि पुष्कळ जणींना येथे केवळ परिचारिकेची नोंदणी मिळते. मिडवाइफ व्हायचे असल्यास वेगळे मूल्यमापन किंवा पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. स्तनपान सल्लागाराची आंतरराष्ट्रीय परीक्षा उपयोगी आहे, आणि दुर्गम भागात जाण्यापूर्वी क्रॅनाप्लस या संस्थेचा प्रसूतिविषयक आणीबाणीचा अभ्यासक्रम अवश्य करावा.

अल्प मुदतीची कंत्राटे पगाराच्या दृष्टीने आकर्षक असतात, पण परिचारिका सतत बदलत राहिल्या की प्रत्येक आईला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. शक्य असेल तर एका गरोदरपणापासून ते मूल चालू लागेपर्यंत तरी एकाच वस्तीत राहावे. निघायची वेळ आलीच तर मातांना कित्येक आठवडे आधी सांगावे, मागच्या वेळी पाजताना काय त्रास झाला आणि कोणाच्या मदतीने सुटला हे तिच्या संमतीने नोंदीत लिहून ठेवावे, आणि नव्या परिचारिकेला तिच्या घरी पहिल्यांदा नेण्याचे काम आरोग्यसेविकेवर सोपवावे.