एसएसडी रखडायला लागली? आधी या चुका टाळा

मालवणात संगणक दुरुस्तीच्या दुकानात बसून मला बरीच वर्षं झाली. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह. ‘एसएसडी गेली, नवी घाला’ म्हणून जी मशीन येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची एसएसडी धडधाकट असते. तिला वागवलेलं चुकीचं असतं. आणि चुका त्याच त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ड्राइव्ह काठोकाठ भरणं. ऐन मे महिन्यात तारकर्लीच्या बाजूचा एक मुलगा पीसी घेऊन आला. पर्यटकांचे स्कुबाचे व्हिडिओ एडिट करून देणं हा त्याचा धंदा. ‘दादा, वर्षभर बरो चलत होतो, आता काय झाला कळणा नाय.’ ५०० जीबीची एसएसडी, विंडोजमध्ये ती ४६५ दिसते, आणि त्यातले ९ जीबी शिल्लक. गिऱ्हाईक गाडी सुटेल म्हणून दारात उभं आणि कॉपीचा वेग सेकंदाला ४० एमबीच्या वर जाईना. यावर त्याने फुकटचं कसलंसं ‘स्पीड बूस्टर’ उतरवलं आणि सलग तीन रात्री डिफ्रॅग, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे सलग लावणं, चालू ठेवला.

एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. लिहिणं होतं लहान लहान पानांत, पुसणं मात्र शेकडो पानांच्या अख्ख्या ब्लॉकचं. रिकामे ब्लॉक हाताशी असले की काम झटपट होतं. नसले की एसएसडी आधी एका ब्लॉकमधली कामाची पानं उचलून दुसरीकडे ठेवणार, मग तो ब्लॉक पुसणार, मग तुमचा व्हिडिओ लिहिणार. शिवाय आजच्या बहुतेक घरगुती एसएसडी रिकाम्या जागेत एका सेलमध्ये तीन-चार बिटांऐवजी एकच बिट लिहून वेग मिळवतात. जागा संपत आली की ही सोयही आकसते.

डिफ्रॅग हा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा उपाय. एसएसडीत फाइलचे तुकडे कुठेही पडलेले असोत, वाचायला फारसा फरक पडत नाही. डिफ्रॅगने फक्त फुकटचं लेखन होतं, आणि लेखनाला मर्यादा असते. ५०० जीबीच्या चांगल्या ड्राइव्हची वॉरंटी साधारण ३०० टेराबाइट लिहिण्यापर्यंत असते. तीन रात्रींनी ती संपत नाही, पण अडलेलं कामही सुटत नाही.

मी त्याचे जुने व्हिडिओ साध्या हार्ड डिस्कवर हलवले, शंभरेक जीबी मोकळे केले, विंडोजचं ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ (मोकळी जागा कुठली ते एसएसडीला कळवणारी सोय) एकदा चालवलं आणि मशीन रात्रभर नुसतं चालू ठेवलं. निवांत वेळ मिळाला की एसएसडी स्वतःची झाडलोट स्वतः करते. सकाळी कॉपी चारशेच्या वर गेली. मुलाला हे अर्ध्या तासात हवं होतं. तसं होत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण तरीही घड्याळ बघतो. माझ्या स्वतःच्या मशीनवर पाचवा हिस्सा कायम रिकामा असतो. एवढा नको असं म्हणणारे भेटतात. मी हिशेब बदललेला नाही.

ट्रिमबद्दल थोडं. फाइल पुसली की ‘ही जागा आता मोकळी’ असा निरोप विंडोज एसएसडीला देतं, तोच ट्रिम. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, हे आपोआप होतं. तरी लोक कुठलातरी व्हिडिओ बघून ट्रिम चालू करायची आज्ञा टाइप करतात. त्या सेटिंगच्या नावातच ‘डिसेबल’ आहे, म्हणून शून्य म्हणजे ट्रिम चालू आणि एक म्हणजे बंद. ‘एक म्हणजे चालू’ समजून स्वतःच्या हाताने ट्रिम बंद केलेली मशीन मी पाहिली आहेत. न कळणारी आज्ञा टाइप करू नका. आणि ट्रिम झालेली फाइल परत मिळण्याची आशा जवळपास सोडा.

आता दुसरं दुखणं, वीज. आपल्याकडे पावसात लाइट जाते, येते, परत जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येऊन गेल्यावर वीज अशीच ये-जा करत होती आणि लोक ती आल्या आल्या पीसी सुरू करत होते. कुठला डेटा कुठे आहे याचा नकाशा एसएसडी सतत बदलत असते. घरगुती ड्राइव्हमध्ये अचानक वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर सहसा नसतात. नकाशा अर्धवट राहिला की ड्राइव्ह बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्येही, दिसेनाशी होऊ शकते. एका दस्तलेखकाची सगळी कागदपत्रं अशा ड्राइव्हवर होती. साटा, म्हणजे डेटाची आणि विजेची केबल वेगळी असलेली, ड्राइव्ह असल्याने मी डेटाची केबल काढली, नुसती वीज देऊन अर्धा तास ठेवली, अर्धा मिनिट वीज काढली, परत अर्धा तास. तिसऱ्या खेपेला ड्राइव्ह दिसली. दर वेळी असं दैव नसतं. आगोट भरता ना पावसाआधी? त्याच यादीत यूपीएसची बॅटरी तपासणं लिहा. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका, वीज बदलताना काहींना इतका वेळ लागतो की पीसी रीस्टार्ट होतो. लाइट आली की दहा मिनिटं थांबा. मशीन अडकलं म्हणून लगेच पॉवरचं बटण दाबून धरणारे हेच नुकसान स्वतः करतात. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करणं तर ढग गडगडत असताना मुळीच नको.

एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डवरच बसणारी पट्टीसारखी वेगवान एसएसडी, तापली की स्वतःहून वेग कमी करते. तिच्यावर हीटसिंक (उष्णता खेचणारा धातूचा तुकडा) बसवताना मधल्या मऊ थर्मल पॅडवरची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढायची असते. ती तशीच ठेवलेली दर हंगामात दिसते. पीसी बंद कपाटात कोंबू नका, आणि खारी हवा लागू नये म्हणून चालू मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर तर घालूच नका. खाऱ्या हवेने एसएसडीची जोडणीची सोनेरी टोकं काळवंडली तर खोडरबर घासण्यापेक्षा आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड वापरा.

हार्ड डिस्कवरचं जुनं विंडोज एसएसडीवर क्लोन केलं, म्हणजे जसंच्या तसं उतरवलं, असेल तर ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये प्रकार ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ (एसएसडीचं पूर्ण नाव) दिसतो का, एवढं बघा. नाहीतर विंडोज तिला हार्ड डिस्क समजून डिफ्रॅग करेल.

चाकरमान्यांसाठी एक गोष्ट. गणपतीनंतर घराला कुलूप लागतं आणि पीसी वर्षभर बंद राहतो. जेडेक या मेमरी चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार लेखनाचं आयुष्य संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांत, वीज नसताना, एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. नवी ड्राइव्ह याहून बराच जास्त काळ टिकवते, पण कौलाखालची एप्रिल-मेची खोली ३० अंशांवर राहत नाही. गावच्या फोटोंची एकमेव प्रत त्या एसएसडीवर ठेवू नका. घर उघडल्यावर पीसी सुरू करा, दोन-चार जुन्या फायली उघडतात का बघा आणि निघण्याआधी प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती मुंबईला सोबत न्या.