डिसेंबरची मॅरेथॉन, तयारी श्रावणापासून

नवख्या धावपटूचे पाय ३२व्या किलोमीटरला संपतात, पण चूक तिथे झालेली नसते. ती पहिल्या ५ किलोमीटरांत झालेली असते, नाहीतर तीन महिने आधी. म्हणून ही यादी शर्यतीच्या बरीच आधी सुरू होते.

गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीची गोवा रिव्हर मॅरेथॉन डिसेंबरात असते. पूर्ण ४२.१९५ किलोमीटरच्या सरावाला १६ ते १८ आठवडे लागतात, म्हणजे पहिला आठवडा ऑगस्टात, ऐन पावसात येतो. तोवर आठवड्याला २५ ते ३० किलोमीटर सहज धावता येत नसतील, तर यंदा २१.१ किलोमीटरसाठीच नाव नोंदवा. वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. कॅलेंडर काढून चवथीचा (गणेश चतुर्थीचा) आठवडा आत्ताच हलका ठेवा. पाहुणे, नेवऱ्या (करंज्या), रात्रीच्या आरत्या यांत बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढायला गेले की नडगी दुखू लागते. बुडाले ते सोडून द्यावेत.

रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, १४ ते १६ किलोमीटरपासून सुरू करा. दर आठवड्याला २ किलोमीटर वाढवा, प्रत्येक चौथ्या आठवड्यात कमी करा, आणि ३० ते ३२ किलोमीटरचा सर्वांत लांब रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरका. त्यानंतर अंतर कमी करत जायचे; शेवटच्या पंधरवड्यात जास्तीचा सराव करून काही कमावता येत नाही, फक्त दमायला होते. लाँग रनचा वेग शर्यतीच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे मिनिटभर तरी कमी हवा, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका.

पणजीतला मिरामारचा सपाट रस्ता सोयीचा, पण फक्त तिथेच धावणाऱ्याच्या मांड्या चढउताराला तयार होत नाहीत. आठवड्यातून एकदा पणजीतल्याच आल्तिनो टेकडीसारखा चढ घ्या. उतारावर लांब ढांगा टाकू नका. प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या स्नायूंना ब्रेक लावावा लागतो आणि शर्यतीत तेच आधी निकामी होतात. किनाऱ्यावर धावायचे तर ओहोटीच्या वेळी, घट्ट ओल्या वाळूवर, जितके जाताना तितकेच येताना. वाळू समुद्राकडे उतरती असते, एकाच दिशेने धावल्यास एका गुडघ्यावर ताण येतो.

पावसाळ्यासाठी बुटांचे दोन जोड लागतात. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, उन्हात किंवा हीटरपाशी ठेवू नका. शर्यतीचा जोड त्याआधी ८० ते १०० किलोमीटर वापरलेला असावा, अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. पाय सुजतात आणि जागा नसेल तर नखे काळी पडतात.

सगळ्यात जास्त चुका पाण्याच्या होतात. डिसेंबरातल्या पहाटे पारा २० अंशांच्या आसपास असला तरी हवा दमट असते. घाम सुकत नाही, नुसता गळतो, आणि न सुकलेला घाम अंग थंड करत नाही. आपला घाम मोजून घ्या. तासभर धावण्यापूर्वी आणि नंतर अंग पुसून वजन करा. ६२ किलोचे ६१.२ झाले आणि मध्ये ३०० मिलिलिटर प्यायलात, तर तासाचा घाम १.१ लिटर. तो सगळा भरून काढायचा नाही. तहानेप्रमाणे तासाला ४०० ते ७०० मिलिलिटर बहुतेकांना पुरते. चार-पाच तास नुसते साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घटते: मळमळ, डोकेदुखी, सुजलेली बोटे, मग भ्रम. हे जिवावर बेतू शकते. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले तर पाणी नक्कीच जास्त झाले. ओआरएसचे लिटरचे पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच मिसळा. छोट्या बाटलीत घट्ट केलेले पोटात ढवळते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. ते धावून झाल्यावर प्या, सोबत काही खारट खा.

ओआरएसमध्ये साखर थोडी, त्यामुळे एनर्जी जेल (पुडीतला घट्ट गोड पाक) वेगळे लागते. एका जेलमधून २० ते २५ ग्रॅम कर्बोदके मिळतात; पहिले ४० मिनिटांनी, पुढे दर ४० मिनिटांनी, साध्या पाण्याबरोबर. भूक लागण्याची वाट पाहू नका. कोणते जेल पोटाला मानवते हे लाँग रनमध्येच ठरवा. शेवटचे दोन-तीन दिवस भात वाढवा. आदल्या संध्याकाळी सातच्या आत जेवा. शागुती (मसालेदार रस्सा), सुंगटे (कोळंबी), कच्ची कोशिंबीर नको, आणि कोंड्याची पोय (गोव्याचा पाव) ही नको, तिच्यातला चोथा पहाटे त्रास देतो. मीठ घातलेली पेज उत्तम. सुरुवात पाचला असेल तर अडीचला उंडो (कडक गोल पाव), जॅम, केळे.

नखे तीन दिवस आधी कापा. सुती बनियन नको. काखा, जांघा आणि स्तनाग्रांना व्हॅसलीन लावा. बिब (छातीवरचा नंबराचा कागद) चार पिनांनी लावा, त्यामागची वेळ नोंदवणारी चिप दुमडू नका, पाठीमागे रक्तगट आणि घरचा फोन लिहा. एवढ्या पहाटे बस किंवा पायलट (मोटारसायकल टॅक्सी) मिळेल यावर विसंबू नका. शौचालयाची रांग धरून तासभर आधी पोहोचा.

साडेचार तासांचे लक्ष्य म्हणजे किलोमीटरला ६:२४ (६ मिनिटे २४ सेकंद). वळणांमुळे जीपीएस घड्याळ साधारण ४२.५ किलोमीटर दाखवते, म्हणून घड्याळावर ६:२० धरा. पहिले ५ किलोमीटर मात्र ६:३५ ने. त्या वेळी हा वेग फार हळू वाटेल, वाटू द्या. ऊन चढले की लक्ष्य सोडून वेग कमी करा. वॉटर स्टेशनवर वीस पावले चालत प्या.

वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडांना इजा करू शकते. छातीत दुखले, तोल जाऊ लागला, अंगावर काटा येऊन थंडी वाजली तर तिथेच थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा.

शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटे चालत राहा, कोरडे कपडे घाला. घरी परतताना स्कूटर दुसऱ्या कुणाला चालवू द्या, कारण पायात गोळे येतात ते बहुधा याच वेळी.