जुन्या बारुदीचा डबा सापडला? या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याचा माळा रिकामा करून राहिलो होतो, तर आजोबांच्या शिकारीच्या पेटीत बारुदीचे दोन डबे निघाले, लेबल अजून वाचता येत होतं, आणि भाच्यानं लगेच झाकण फिरवायला हात घातला. मी ओरडलोच.

पहिली चूक हीच, उघडून पाहायची. काळी बारूद म्हणजे सोरा, कोळसा, गंधक, साधारण 75:15:10, कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही तशीच जिवंत असते आणि झाकणाच्या आट्यांत तिची भुकटी अडकून असते, एक ठिणगी पुरे. ओली झाली होती, आता मेली असेल, असंही समजू नका, वाळली की परत पेटते.

बिनधुराच्या पावडरीचं, म्हणजे काळ्या बारुदीनंतर आलेल्या कमी धुराच्या बारुदीचं, दुखणं वेगळं. ती नायट्रोसेल्युलोज या रसायनाची, आपोआप हळूहळू कुजत राहते, त्यातनं निघणारं आम्ल झेलायला डायफेनिलअमाइन टाकलेलं असतं, ते संपलं की कुजणं वाढतं, आतून गरम होते आणि कोणी हात न लावताही पेटू शकते. 25 सप्टेंबर 1911 ला फ्रान्सच्या तुलाँ बंदरात लिबर्ते ही युद्धनौका अशाच खराब पावडरीनं फुटली, शेकडो माणसं गेली. आणि आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्री, वरून टिनाचं छप्पर! झोंबणारा आंबट वास, तांबूस धूर, आतून गंज या खुणा. आमच्या दुसऱ्या डब्याच्या खालच्या शिवणीतून गंज फुटून पेटीच्या लाकडावर गोल डाग पडला होता.

वास येत नाही म्हणजे चांगली आहे, असंही नाही.

काडतुसात किती पावडर भरायची याचा जुना चार्ट नेटवर शोधून त्या पावडरीनं काडतूस भरायचा विचार करत असाल तर भाऊ, कृपा करून सोडा. नाव तेच राहते पण कंपनी मधल्या काळात पावडर बदलते, आणि डब्यात लेबलावरचीच पावडर आहे हे कोण सांगणार, कितीतरी शिकारी उरलेली दुसरी पावडर रिकाम्या डब्यात ओतून ठेवत. काळी समजून बिनधुराची ठासणीच्या बंदुकीत गेली तर नळी फुटते, बोटं जातात, डोळे जातात.

घाबरून नाग नदीत किंवा कचरागाडीत टाकू नका, अंगणात जाळू तर अजिबातच नका. आजोबांचं लायसन होतं म्हणून आपल्याला चालते असंही नाही, शस्त्र कायदा 1959 चा आणि स्फोटकांचा 1884 चा, दोन्ही लागू होतात. स्फोटकांचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तरी लोक परदेशी व्हिडिओ पाहून ठरवतात. डबा जिथं आहे तिथंच राहू द्या, हलवू नका, लेकरं बाहेर काढा, 112 लावा.

आम्ही तेच केलं. पथक आलं, पेटीसकट घेऊन गेलं. भाच्याला डबा पाहिजे होता, मिळाला नाही, दारातून काढलेला लेबलाचा फोटो तेवढा त्याच्याकडे आहे.