मे महिन्यात डोंगरातल्या शहरात जाताय? ओझोनची वेळ ओळखा

फोंड्यातल्या आमच्या शाळेची मुलं घेऊन मी मेच्या सुट्टीत डेहराडून-मसुरीला जातो. निघण्याआधीच्या पालकसभेत एखादी आई हमखास विचारते, "सर, तिथली हवा शुद्ध, मग दम्याचा पंप कशाला?" पंप न्यायचाच, आणि तोही बॅगेच्या तळाशी नाही, मुलाच्या खिशात. आकाश निळंभोर दिसतं तेव्हाही हवेत ओझोन, म्हणजे श्वासाला त्रास देणारा वायू, असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही.

हा वायू थेट धुरातून येत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोलची, रंगांची, अगदी झाडांमधूनही निघणारी वाफ यांच्यावर ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो. उष्णतेच्या लाटेत वारा पडतो, झाडं जास्त वाफ सोडतात. डेहराडून शिवालिक आणि हिमालयाच्या मधल्या खोऱ्यात आहे, त्यामुळे तिथली हवा साचते. मेक्सिको सिटीचंही तसंच, २,२४० मीटरवर, डोंगरांच्या वेढ्यात. ओझोन फार वाढला की तिथलं सरकार कितीतरी गाड्यांना रस्त्यावर यायला बंदी करतं. आपल्याकडे दुपारी खारा वारा सुटतो, ती सोय खोऱ्यात नाही.

"तीस अंश म्हणजे आम्हा गोंयकारांना काहीच नाही" असं समजू नका. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानात ४० अंशांपासून करतं, किनाऱ्यावर ३७ पासून आणि डोंगराळ भागात ३० पासूनच.

आदल्या रात्री 'समीर' हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवेची माहिती देणारं ॲप उघडा. नुसता हवेचा निर्देशांक पाहून थांबू नका, आत जाऊन ओझोनचा आकडा शोधा. आपल्या देशाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. सकाळच्या आकड्यावरून दुपारचा बेत ठरवू नका, कारण ओझोन उन्हाबरोबर चढतो आणि दुपारी सर्वात जास्त असतो.

म्हणून चढण, पळापळ, खेळ सगळं सकाळी दहाच्या आत. बारा ते पाच छपराखाली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतली संग्रहालयं त्या वेळेसाठीच ठेवा.

मसुरीला मात्र हा हिशेब थोडा बदलतो, आणि इथेच बरेच जण फसतात. दिवसा खोऱ्यातली तापलेली हवा उतारावरून वर चढते आणि खालचा ओझोन सोबत आणते. शहरात रात्री गाड्यांच्याच धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो. वर गाड्या कमी, म्हणून तो जास्त वेळ रेंगाळतो. तेव्हा संध्याकाळ झाली म्हणजे सुटलो असं तिथे धरू नका. माल रोडवर रमतगमत फिरा, पण मुलांच्या शर्यती लावू नका.

एन-९५ मास्क धूळ अडवतो, ओझोन नाही. दुपारी खिडक्या बंद ठेवणं जास्त उपयोगाचं. वास घालवायला खोलीत ओझोनचं मशीन लावतात का, हे हॉटेलवाल्याला आधीच विचारा आणि लावू नका म्हणून सांगा. थांबलेल्या टॅक्सीचं इंजिन बंद करायला लावा, पेट्रोल ऊन उतरल्यावर भरा. त्या गावच्या लोकांनाही तीच हवा घ्यायची असते.

घसा खवखवणं, कोरडा खोकला, खोल श्वास घेताना छातीत दुखणं ही खूण. चालणं लगेच थांबवा. सावली पुरत नाही, कारण ओझोन सावलीतही असतो, घरात न्या. दम्याच्या मुलाला डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पंप द्या. बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर थेट इस्पितळ. "बरं वाटतंय का" असं विचारलं तर मुलं मागे राहण्याच्या भीतीने हो म्हणतात. त्यापेक्षा समोर उभं करून खोल श्वास घ्यायला सांगा आणि चेहऱ्याकडे बघा.