नवीन बाईक घेताय? मग या चुका टाळा

बाईक घ्यायची ठरली की आपल्याकडे आधी मोबाईलवर रिव्ह्यू बघणं सुरू होतं. कोणाचा टॉप स्पीड किती, कोणाला बीएचपी (इंजिनाची ताकद) किती, सायलेन्सरचा आवाज कसा. आणि रोज जिथनं ती चालवायचीय तो रस्ता, घरासमोरची पार्किंगची जागा, मागे बसणारं माणूस, याचा विचार गाडी दारात आल्यावर. माझ्या मते बहुतेक चुका इथनंच सुरू होतात, म्हणून शोरूमला जायच्या आधी आपला आठवडा डोळ्यासमोर आणा, किती किलोमीटर, कसला रस्ता, एकटे की डबलसीट, आणि मग गाड्या बघा.

पहिली चूक, सीसी (इंजिनाचा आकार) आणि बीएचपीवर भाळणं. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 ला साधारण 20 बीएचपी आणि केटीएमच्या 200 ड्यूकला 25, म्हणजे कागदावर छोटी गाडी पुढे. पण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ बघा, क्लासिक 27 एनएम (टॉर्कचं माप) देते तेही 4000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ड्यूक 19 च्या आसपास आणि तो 8000 आरपीएमला. आता संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे पुण्याच्या सिंहगड रोडला दुसऱ्या गिअरमधे सरपटत जायचंय किंवा डबलसीट वरंध घाट चढायचाय, तर ड्यूकला सारखा गिअर पाडून इंजिन जास्त फेऱ्यांवर ठेवावं लागतं, क्लासिक आहे त्याच गिअरमधे ओढून नेते. मग क्लासिकच घ्यायची का? तसंही नाही, कारण ती 195 किलोची आहे आणि ड्यूक 160 च्या आतबाहेर, आणि तुमच्या सोसायटीत रोज सकाळी दहा गाड्यांमधनं आपली गाडी मागे ओढून काढायची असेल तर तो जादाचा पस्तीस किलोचा भार पाठीला रोज कळतो. म्हणून टॉर्क किती, तो कुठल्या आरपीएमला आणि वजन किती, या तीन गोष्टी एकत्र वाचा.

उंचीचं पण तेच. स्प्लेंडरची सीट 785 मिमी, क्लासिकची 805, हिमालयन 450 ची 825. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढेच वर राहतात. चालत्या गाडीवर फरक पडत नाही हो, पण घाटात ट्रॅफिक अडलं, पाऊस चालू आहे, मागे कोणीतरी बसलंय आणि नेमकी साइडपट्टी खचलेली, तिथं पाय टेकला नाही की गाडी आडवी झालीच. निदान दोन्ही चवडे तरी नीट टेकायला हवेत.

आणि मागे बसणाऱ्या माणसाला शोरूमला घेऊन जा! ही गोष्ट लोक का करत नाहीत मला कळत नाही. आई साडीत एका बाजूला बसणार असेल तर उंच, उतरती, पुढच्यापासून वेगळ्या तुकड्याची मागची सीट तिच्यासाठी धोक्याची आहे, धरायला नीट दांडी नसेल तर आणखीनच. साडीगार्ड आणि मागच्याला धरायची दांडी नियमातच आहे, ती लूकसाठी काढून टाकू नका. ओढणी चाकात गेल्याने जीव गेलेत, यात तडजोड नको.

मायलेजच्या बाबतीत दोन्हीकडनं चुका होतात. समजा महिन्याला 1000 किमी होतात. 60 देणाऱ्या गाडीला जवळपास 17 लिटर लागतं, 35 देणारीला साडेअठ्ठावीस, म्हणजे बारा लिटरचा फरक, लिटरला शंभर धरले तरी महिन्याला 1200 रुपये. हप्त्यात हे मिळवून बघा. उलट ज्याचं महिन्याला 250 किमीच होतं त्याला फरक पडतो तीनशे रुपयांचा, त्याने तेवढ्यासाठी ब्रेक आणि आरामात कमी गाडी घेऊ नये. आणि कंपनी सांगते तो एआरएआयचा (गाड्या तपासणारी संस्था) मायलेजचा आकडा चाचणीतला असतो, रोजच्या ट्रॅफिकमधे तेवढं पडेल हे धरून हिशोब करू नका.

2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण सिंगल चॅनलमधे ते फक्त पुढच्या चाकाला असतं. आपला पावसाळा, ओल्या रस्त्यावर सांडलेली माती आणि ऑइल बघता बजेटमधे बसत असेल तर दोन्ही चाकांना एबीएस असलेलं ड्युअल चॅनलच घ्या, स्क्रीन आणि ब्लूटूथवर पैसे घालण्यापेक्षा हे लाख पटीने बरं. तसंच स्पोकच्या चाकात बहुतेक ठिकाणी ट्यूब असते, रात्री आडरस्त्याला पंक्चर झालं की चाक खोलल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांनी पुढच्या मडगार्ड आणि टायरमधली जागा नक्की बघावी, कमी असेल तर काळ्या मातीचा चिखल गच्च बसतो आणि चाकच फिरत नाही.

टेस्ट राइड म्हणजे शोरूमभोवती एक चक्कर, हे मान्य करू नका. गर्दीत न्या, स्पीडब्रेकरवरनं न्या, मागे माणूस बसवून न्या, इंजिन चांगलं तापलं की पायाला किती झळ लागते ते बघा. गावाकडे रात्रीचं जाणं-येणं असेल तर अंधार पडल्यावर हेडलाइट बघायला परत जा.

पैशाचं थोडक्यात. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत 18 टक्के जीएसटी आणि 350 च्या वरच्या गाड्यांना 40 टक्के, त्यामुळे 350 आणि 400 मधला फरक नुसता इंजिनाचा राहिलेला नाही. ऑन रोड कोटेशन ओळीओळीने मागा, हँडलिंग चार्जेस दिसले तर कशाचे ते विचारा, अॅक्सेसरीज आणि इन्शुरन्स तिथूनच घ्या असं कोणी बळजबरी करू शकत नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, पाच वर्षांचा असतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा बऱ्याचदा एकच वर्षाचा, आणि पाच वर्षांचा काढलाय म्हणून लोक तो रिन्यू करायचा विसरतात.

दसरा-पाडव्याला डिलिव्हरी घेणार असाल तर गाडी आदल्या दिवशी जाऊन तपासा, मुहूर्ताच्या गर्दीत कोणाला वेळ नसतो. रजिस्ट्रेशनच्या आधी चेसिस नंबर, सेल सर्टिफिकेटवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष, आणि टायरवरचा चार आकडी नंबर बघा, 3225 म्हणजे 2025 चा 32 वा आठवडा. जुना स्टॉक असेल तर आत्ताच बोला, नंतर कोणी ऐकत नाही.

आणि घेऊन झाली असेल, आता त्रास होतोय, तर लगेच विकायला काढू नका. पाय टेकत नसतील तर सीटचा फोम चांगल्या कारागिराकडनं थोडा कमी करून मिळतो. मनगट दुखत असेल तर हँडलचा आणि लिव्हरचा कोन बदलून बघा, गिअर लिव्हर बुटाच्या मापाने वर-खाली करता येतो. डबलसीटला मागनं आपटत असेल तर शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) एक-दोन घर वाढवा. मायलेज पडत नसेल तर आधी हवा थंड टायरमधे मोजा, चेन फार ताणलेली आहे का आणि ब्रेक चाकाला घासतोय का ते बघा, पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत तसंही आकडा कमीच येतो. एवढं करूनही फरक नाही पडला तर सर्व्हिस सेंटरला जा आणि तक्रार तोंडी न सांगता जॉबकार्डवर (सर्व्हिसिंगच्या कामाचा कागद) लिहूनच द्या.